अर्धा ठोका

“माणूस सोन्याचा. पन शेवटाला हात चुकला बगा त्येंचा.”

“व्हय, त्या डेअरीत ना?”

“तितंच. त्याच्यानंतर कंपनीनं परत मशिनीवर न्हाय धाडलं.”

आबा, तुमच्या दहाव्याला नीरेच्या काठावर माझ्या मागे उभी असलेली दोन माणसं हे बोलत होती. पहिला आवाज मी ओळखला. डेअरीतल्या पिशव्या भरायच्या मशीनवरचे बबनराव. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. एखाद्याच्या उंचीबद्दल किंवा रंगाबद्दल बोलावं तसं ते तुमच्या हाताबद्दल बोलत होते. सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट.

बायका घाटाच्या एका बाजूला बसल्या होत्या, पुरुष दुसऱ्या बाजूला उभे होते, आणि मी मधेच कुठेतरी, कारण अशा ठिकाणी माझी जागा कोणती ते मला कधीच कळत नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. वळले असते तर बोलावं लागलं असतं.

पिंडाला कावळा लगेच शिवला. कुणीतरी म्हणालं, आबाची काय बी इच्छा मागं राहिली न्हाय. मला ते खरं वाटलं नाही. एक राहिली होती, आणि ती माझ्याकडे होती. तुम्हाला एक कागद हवा होता. चालू मशीनमध्ये चिपचं घड्याळ कसं बदलायचं, ते मराठीत लिहून. तीन वेळा सुरू केला आणि तीन वेळा फाडला. हा बहुधा तोच कागद आहे. फक्त उशिरा, आणि तुम्हाला हवा होता त्याहून फार लांब.

वालचंदनगरहून सकाळी सुटणाऱ्या बारामतीच्या एसटीत मी खिडकीशी बसायचे आणि तुम्ही लासुर्ण्याला चढायचात. पहिला महिनाभर आपण एकाच वर्कशॉपमध्ये जातो हे ठाऊक असूनही मी तुमच्याकडे पाहिलं नाही. मी कॉलनीत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी होतं, पण ते घरापुरतं. अनोळखी माणसाशी मराठीत बोलताना मला आपण परीक्षेला बसलोय असं वाटायचं. तुम्ही मात्र रोज नेमाने विचारायचात, “मॅडम, हितं कुनी हाय का?” शेजारची जागा रिकामी दिसत असूनही. मी मान हलवायचे. तुम्ही बसायचात, आणि भवानीनगर गेलं की मनगटावरच्या घड्याळाला चावी द्यायचात. अंगठा आणि बोट, पुढे-मागे, पुढे-मागे. काटेवाडी यायच्या आत चावी पुरी झालेली असायची. मला त्या बारीक करकर आवाजाची सवय लागली. गेल्या आठवड्यात भवानीनगर गेलं आणि माझे कान आपोआप उघडले. शेजारी एक बाई टोपलीत कोथिंबीर घेऊन बसल्या होत्या.

पहिलं संभाषण माडग्यावरून झालं. थंडीचे दिवस होते, तुम्ही फ्लास्कच्या झाकणात काहीतरी ओतून पुढे केलंत. मी विचारलं, कॉफी आहे का. तुम्ही इतके मनापासून हसलात की कंडक्टरनं वळून पाहिलं. “हुलग्याचं माडगं हाय, ताई. कॉफी पिऊन का थंडी जातीय?” त्या दिवशी मी मॅडमची ताई झाले.

आता घड्याळाची ती सवय लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

कुठल्याही मशीनच्या पॅनेलचं झाकण उघडायच्या आधी तुम्ही घड्याळ काढायचात आणि पॅनेलच्या डोक्यावर ठेवायचात. पट्टा धातूचा, तो आत तारेला टेकू नये हे एक कारण. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं होतं. वर घड्याळ दिसलं, म्हणजे आबांचा हात आत आहे, कुणी बटण दाबायचं नाही. ही पाटी वाचायला कुणाला शाळेत जावं लागलं नाही. तुम्ही जिथे जिथे मशीन दुरुस्त करायला गेलात तिथे ती रीत पोचली होती. नवा ऑपरेटर बटणाकडे सरकला तर बबनरावच ओरडायचे, “आरं, घड्याळ हाय वर, दिसतंय का न्हाय?” काम झालं, झाकण लावलं, चारी स्क्रू आवळले, की शेवटी घड्याळ मनगटावर. पंचवीस वर्षांत एकदाही उलटं झालं नाही असं वर्कशॉपमधले लोक सांगतात. मी तुम्हाला फक्त चार वर्षं पाहिलं. माझ्या चार वर्षांतही नाही झालं.

आणि मी काय करत होते? मी त्या पॅनेलच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाची चिप तयार करत होते. दुधाच्या पिशव्या भरायचं मशीन हे खरं तर ठोक्यांवर चालतं. चिपमधलं एक सर्किट, म्हणजे तिचं घड्याळ, ठोके देतं, प्रत्येक ठोक्याला मोटार प्लॅस्टिकची फिल्म थोडी पुढे ओढते, ठरावीक ठोके झाले की गरम जबडा मिटतो आणि पिशवीला सील बसतं. टाकीतलं दूध कमी होत आलं की धार मंदावते, पिशवी भरायला वेळ लागतो, म्हणून ठोकेही सावकाश द्यावे लागतात. जुन्या कार्डात त्यासाठी मशीन थांबवायचं, झाकण उघडायचं, आतली एक पिन इकडची तिकडे करायची, पुन्हा सुरू करायचं. सुरुवातीच्या दहा-बारा पिशव्या धड भरत नाहीत, त्या कापून दूध परत ओतायचं.

माझ्या नव्या चिपमध्ये हे काहीच करावं लागणार नव्हतं. तिच्या आतली जोडणी बाहेरून बदलता यायची, तीसुद्धा मशीन चालू असताना. पॅनेलच्या दाराबाहेर एक बटण. दाबलं की चिपमधलं घड्याळ नवी चाल घेणार. मी बाविसाव्या वर्षी, बारामतीच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये बसून हे करत होते आणि मला वाटत होतं जगात एवढी सुंदर गोष्ट दुसरी नाही.

तुम्हाला ते पटलं नव्हतं. “थांबवून बदलाया काय जातंय, ताई? दोन मिन्टात दूध नासतंय व्हय?”

“थांबवायची गरजच नाही ना, आबा.”

“गरज न्हाय म्हनून थांबायचंच न्हाय का?”

मी तुम्हाला माहितीपुस्तकातली पानं वाचून दाखवायचे. इंग्रजी वाक्य वाचायचं, मग त्याचं मराठी करायचं, आणि ते करताना माझ्या लक्षात यायचं की मला स्वतःलाच ते अर्धवट कळलंय. तुम्ही ऐकताना मधेच विचारायचात, “म्हंजी चाकाचे आरे बदलायचे, पन गाडी थांबवायची न्हाय. आसंच ना?” मी हो म्हणायचे. तुम्ही खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत बसायचात.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात आपण नवं कार्ड घेऊन इंदापूरच्या बाजूच्या त्या डेअरीत गेलो. मला साइटवर पाठवायला साहेब आधी तयार नव्हते. मालक असले तरी ते घरच्या माणसासारखं बोलत, म्हणून नकारही गोड असायचा. “तिथे तुम्हाला बसायलासुद्धा धड जागा नाही. आबा जातील, तुम्ही इथून सांगा.” तुम्हीच म्हणालात की कार्ड ताईंचं आहे, ताई येतील. मी जीपमध्ये मागे बसले आणि वाटेत एक शब्द बोलले नाही. भीतीनं नाही. आनंद लपवत होते.

दुपारची पाळी होती. कार्ड तुम्ही आधीच बसवलं होतं, झाकण लावून, चारी स्क्रू आवळून. घड्याळ मनगटावर परत गेलं होतं. तासभर मशीन सुरेख चाललं. मग टाकीतलं दूध उतरलं, बबनराव म्हणाले, “मॅडम, धार पडली,” आणि मी बाहेरचं बटण दाबलं. चाल मंदावली. मशीन थांबलं नाही. एकही पिशवी वाया गेली नाही. बबनराव म्हणाले, “आयला, भारी हाय की,” आणि भरलेली क्रेट ढकलत थंड खोलीकडे गेले.

तुम्ही मशीनच्या पायाशी वाकला होतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरपेटीला टेकवून मूठ कानाला लावली होती, नेहमीसारखी. त्यामुळे तुमचं मनगट माझ्या डोळ्यांसमोर होतं. घड्याळाच्या काचेवर दुधाचा एक थेंब होता. तुमच्या कपाळाला आठी पडली आणि तुम्ही डोळे मिटून पुन्हा ऐकलंत. मी विचारलं, काय झालं. तुम्ही म्हणालात, “काय न्हाय.”

दीड तासानं थंड खोलीतल्या क्रेट गळायला लागल्या. पिशव्या दिसायला नीट होत्या, पण सील कच्चं होतं. बटण दाबल्यानंतरच्या सगळ्याच. फरशीवर दूध, दुधात माणसं, आणि एकाच वेळी चौघं फोनवर. साहेब बारामतीहून आले तेव्हा डेअरीचे मॅनेजर त्यांच्या अंगावरच गेले. साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आज आठवत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. कदाचित काहीच बोलले नसते.

माझ्याआधी तुम्ही बोललात. “माझा हात लागला, साहेब. कनेक्टर ढिला वाटला म्हनून चालू मशिनीत झाकन काढलं. त्यातच काय तरी हाललं.”

साहेब म्हणाले, “आबा, तुम्ही? चालू मशीनमध्ये?”

“चुकलं.”

मी तुमच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ तिथेच होतं. दुधाचा थेंब वाळून पांढरा ठिपका झाला होता. दिवसभरात ते एकदाच, कार्ड बसवताना, पॅनेलवर गेलं होतं. बबनराव क्रेट उपसत होते, मॅनेजर ओरडत होते. तुमच्या हाताकडे बघणारी तिथे मी एकटी होते. आणि मी गप्प राहिले.

परतीला जीप साहेबांनी नेली. आपण इंदापूरहून एसटीनं आलो. दोघांची तिकिटं तुम्ही काढलीत. मग म्हणालात, “ताई, तुमच्या घड्याळानं अर्धा ठोका टाकला.”

“असं होऊच शकत नाही. मी कॉम्प्युटरवर दोन दिवस चालवून पाहिलंय.”

“आसंल. म्या कानानं ऐकलाय.”

“आबा, अर्धा ठोका असं काही नसतं. ठोका असतो किंवा नसतो.”

तुम्ही वाद घातला नाहीत. मला वाटलं मी जिंकले. माझ्यासाठी नुकतंच खोटं बोललेल्या माणसाशी मी ठोक्यावरून भांडत होते, आणि त्यात मला काही चमत्कारिक वाटलं नाही. घरी जाऊन मी जेवले. झोपलेसुद्धा.

आठ दिवस लागले मला तो अर्धा ठोका सापडायला. बटण नेमकं ठोका वर गेलेला असताना दाबलं गेलं, तर चिप तो ठोका तिथेच तोडून नवी चाल सुरू करायची. एक आखूड, लंगडा ठोका बाहेर पडायचा. ठोके मोजणाऱ्या सर्किटनं तो धरला, मोटारीनं धरला नाही. त्या क्षणापासून दोघांत एका ठोक्याचं अंतर पडलं. फिल्म पुरती थांबायच्या आत जबडा मिटू लागला, आणि सील कच्चं राहिलं. कॉम्प्युटरवर मी बटण नेहमी सोयीच्या क्षणी दाबलं होतं. मला कळलंही नव्हतं की मी सोय बघतेय.

दुसऱ्या दिवशी एसटीत तुम्हाला सांगितलं. बरोबर होतात तुम्ही, असं म्हणायला मला भवानीनगरपर्यंत वेळ लागला. तुम्ही चावी द्यायची थांबवलीत आणि विचारलंत, “आता काय करनार?”

“माहीत नाही. मशीन थांबवायचं नाही आणि ठोका तोडायचाही नाही. कसं जमणार?”

मग तुम्ही मला मेंढ्यांची गोष्ट सांगितलीत. तुमचे वडील दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि तुम्ही लहानपणी बरोबर जायचात. कळपाच्या पुढे गळ्यात घंटा बांधलेला एक मेंढा. तो थकला की घंटा दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. “पन चालत्या कळपात न्हाय घालायची. मागची मेंढरं आवाजावर चालत्यात. घंटा काढताना अर्धीमुर्धी वाजली की निम्मी हिकडं, निम्मी तिकडं. मग वडील काय करायचे, कळप पान्यावर आला, सगळ्यांच्या माना खाली गेल्या, की घंटेचा लोळा मुठीत धरायचे. वाजू द्यायची न्हाय. तशीच मुकी काडायची, तशीच मुकी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. कळपानं मान वर केली, की मूठ सोडायची.”

“आणि कळप थांबायचा का?”

“थांबतोय कशाला? पानी पीत आसतोय. त्याला कळत बी न्हाय.”

वर्कशॉपला पोचल्यावर डबा ठेवायच्या आधी कागद घेतला. बटण दाबलं तरी लगेच काही करायचं नाही. चालू ठोका पुरा होऊन खाली येईपर्यंत थांबायचं. खाली आला की दार लावून घ्यायचं, बाहेर काहीच जाऊ द्यायचं नाही. त्या शांततेत आतली जोडणी बदलायची. नवं घड्याळही खाली असेल तेव्हा दार उघडायचं. ती शांतता इतकी लहान असते की मोटारीला पत्ताही लागत नाही. म्हणजे तुम्ही म्हणत होतात ते थांबणंही त्यात आलं आणि मी म्हणत होते ते न थांबणंही. आपला वाद मिटला असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, “मिटला न्हाय. तुमी थांबलाच की.”

दुसरं कार्ड चाललं. अजून चालतंय. ते बसवायला मी एकटी गेले, कारण डेअरीच्या मॅनेजरनं सांगितलं होतं, तो म्हातारा परत पाठवू नका. पन्नाशीही नव्हती तुमची तेव्हा.

दोन वर्षं तुम्ही वर्कशॉपच्या बाकावर बसून ट्रान्सफॉर्मर गुंडाळलेत. कुणी विचारलं तर, “हितं फॅन हाय, साइटवर कुठला?” पण साइटची जीप निघाली की तुम्ही काहीतरी निमित्तानं फाटकापर्यंत यायचात. जीप वळेपर्यंत उभे राहायचात. माझ्या मागच्या सीटवरून मला ते दर वेळी दिसायचं.

एकदा मी घरचा टेपरेकॉर्डर डेअरीत नेला आणि मशीनचा आवाज भरून आणला. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाचा वॉकमन घेऊन एसटीत बसले. तुम्ही कानाला लावून डोळे मिटलेत. एसटीच्या खडखडाटात तुम्हाला काय ऐकू येणार असं मला वाटत होतं. बरंच अंतर गेल्यावर तुमचं एक बोट वर झालं.

“हितं बदललं.”

“हो.”

“पन अर्धा न्हाय. पुरा खाली आला, मग बदललं.” थोड्या वेळानं म्हणालात, “परत लावा.”

बारामती येईपर्यंत तुम्ही ते तीनदा ऐकलंत. उतरताना वॉकमन परत दिलात तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मला तेव्हा वाटलं, आजच साहेबांना सांगावं. सांगितलं नाही.

सांगते असं मात्र तुम्हाला कितीदा म्हणाले. आपलं बोलणं दर वेळी एकाच जागी येऊन थांबायचं.

“सांगा की. मग? पोरगी हाय म्हनून आदीच न्हेत न्हवते. आता चुकली म्हनून न्हेनार न्हाईत. माझ्या एका चुकीनं माझं काय जातंय? पंचवीस वर्सं हात बगितलाय लोकांनी.”

“लोक ती पंचवीस वर्षं विसरले, आबा.”

“आटवंल त्यांना.”

नाही आठवली. आणि आबा, एक गोष्ट तुम्हाला तोंडावर कधी म्हणता आली नाही ती इथे म्हणते. तुम्ही मला विचारलं नव्हतं. माझी चूक तुम्ही मला न विचारता उचललीत, आणि मग ती परत मागायची कशी ते मला कळेना. त्याचा मला राग आहे. तुम्ही असतात तर आज भांडले असते. पण रागाच्या खाली जे आहे ते मला दिसतं. मला ते सोयीचं होतं. मी सोयीच्या क्षणीच बटण दाबते, तो माझा जुना दोष आहे.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी लासुर्ण्याला उतरले. चार वर्षं त्या थांब्यावरून गेले होते, उतरले पहिल्यांदा. तुमच्या घरी काकूंनी मला ओसरीवर बसवलं. त्यांच्या हातात तुमचं घड्याळ होतं. बोटानं चावी देत होत्या, अगदी तुमच्यासारखी.

“रोज देत व्हते ना,” त्या म्हणाल्या. “बंद पडाया नको.”

मी पिशवी बाजूला ठेवली.

“ताईंचा कागद येनार हाय, म्हनायचे. मराटीत. आला का म्हनून मी चेष्टेनं इचारायची.” मग त्यांनी घड्याळ पदरात ठेवलं आणि आवाज खाली आणला. “येक इचारू का? त्या डेअरीत खरंच हात चुकला व्हता का हो त्यांचा? मला कदी बोललंच न्हाईत. मी इचारलं की म्हनायचे, व्हतंय कदी कदी. पन त्यांचं आसं व्हत न्हवतं.”

तुम्ही काकूंनासुद्धा सांगितलं नव्हतं. घरातसुद्धा, दोन वर्षं, तुम्ही मला झाकलं होतं. मी ओसरीच्या कडेला लागलेल्या मुंग्यांकडे बघत राहिले. काकू वाट बघून आत गेल्या आणि मला माडगं घेऊन आल्या. उन्हाळ्यात माडगं कुणी करत नाही. तुम्ही मला माडगं आवडतं असं सांगितलं होतं म्हणून त्यांनी केलं होतं. मी ते सगळं प्यायले आणि उत्तर न देता एसटीत बसले.

म्हणून परवा घाटावर मागून ते वाक्य आलं तेव्हा मला नवीन काही कळलं नाही. फक्त एवढं कळलं की आता ते वाक्यच राहणार. तुमची पंचवीस वर्षं कुणी सांगणार नाही. “हात चुकला बगा त्येंचा,” एवढंच पुढे जाईल. बबनराव नव्या ऑपरेटरला सांगतील, तो पुढच्याला.

विधी झाल्यावर माइक लावला. सरपंच बोलले, तुमचे चुलतभाऊ बोलले, मग साहेब. साहेब चांगलं बोलले. आबांनी आम्हाला काम शिकवलं, म्हणाले. शब्दाला पक्के होते, म्हणाले. आणि मग, “एकदा त्यांच्या हातून चूक झाली. माणूस आहे, होते. पण त्यांनी ती कबूल केली, आणि आम्हीही त्यांना अंतर दिलं नाही.”

बायकांच्या बाजूला काकू बसल्या होत्या. मांडीवर घड्याळ. साहेबांचं ते वाक्य आलं तेव्हा त्यांनी ते उलटं ठेवलं.

“आणखी कुणी दोन शब्द बोलणार आहे का?” साहेबांनी विचारलं आणि माइकपासून बाजूला झाले. कुणी पुढे आलं नाही. घाटावरच्या सगळ्यांच्या माना खाली होत्या. टोप्या, पदर, उघडी डोकी, सगळी खाली. माइक नुसता घुमत होता. मला तुमच्या वडिलांची मूठ आठवली, आतमध्ये लोळा धरलेली.

चालत गेले. पंधरा पावलं असतील. मी आयुष्यात कधी माइकवर बोलले नाही, शाळेतसुद्धा. साहेब कुजबुजले, “अहो, तुम्ही?” बबनराव समोरच उभे होते. मी त्यांच्याकडेच पाहिलं, कारण त्या घाटावर मी जे सांगणार होते ते सगळ्यात आधी त्यांनाच कळणार होतं. मग काकूंकडे पाहिलं. मराठी शब्द शोधावे लागले नाहीत, आबा. तुमच्या घड्याळानं दोन वर्षं ते तयारच ठेवले होते.

मी म्हणाले, “त्या दिवशी मी बटण दाबलं तेव्हा आबांचं घड्याळ मनगटावरच होतं. नंतरही ते पॅनेलवर गेलं नाही. चूक माझ्या चिपमध्ये होती, आणि हे मला दोन वर्षं माहीत आहे.”